गोभीर ओभिमान

(हे पान अपूर्ण आहे. ते पूर्ण करायला आपण मदत करू शकता, असं विकीवर लिहायची पद्धत असते. इथे ती मदत फक्त माझी बायको कालिंदी करू शकते. झाल्या प्रकारानंतर तिने अट घातली की या विषयावर मी जे काही लिहीन ते तिला दुरुस्त करता आलं पाहिजे. तिच्या दुरुस्त्या चौकटी कंसात आहेत. मी त्या काढून पाहिल्या. त्या परत येतात.)

सारांश

जयप्रकाश वेलणकर हे एका सरकारी गोदाम महामंडळात अधिकारी आहेत. दुसऱ्यांचा चहा आणि दुसऱ्यांचा ताग कोरडा ठेवणं हे त्यांचं काम. ही हकीकत त्यांच्या कोलकात्याच्या ऑफिसातली आहे. (विकीवर स्वतःबद्दल तृतीय पुरुषात लिहितात. मला ते फार वेळ जमत नाही.) शांत आणि मनमिळाऊ स्वभावासाठी ते प्रसिद्ध आहेत. [कालिंदी: संदर्भ हवा.]

पार्श्वभूमी

हा विभाग रिकामा आहे.

ट्रक

पुण्याला बदली झाल्याची ऑर्डर आली आणि कालिंदीने सामान पाठवून दिलं. या दोन गोष्टींमध्ये जेवढा वेळ जायला हवा होता तेवढा गेला नाही. आमची मुलगी नूपुर पुण्यात कॉलेजला होती आणि हॉस्टेलच्या भाजीबद्दल रोज फोनवर शोकसभा भरवत होती. त्यामुळे कालिंदीला घाई होती. शिवाय एक ट्रक अर्धा रिकामा पुण्याला निघाला होता आणि स्वस्तात नेत होता. डमडमच्या आमच्या फ्लॅटमधून कपाटं गेली, पलंग गेला, डबे गेले. बादलीही गेली, हे दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी कळलं. [कालिंदी: "बादली राहू दे" असं मी म्हटलं होतं. "पुण्यात काय पाण्याचा दुष्काळ आहे का, बादली लागेलच की" असं म्हणून यांनीच ती ट्रकमध्ये ठेवली.]

मागे राहिलो आम्ही दोघं, एक कुकर, एक तवा आणि एक गादी. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

मी ऑर्डर घेऊन आमच्या साहेबांकडे गेलो. साहेबांचं आडनाव गुहठाकुरता. ते एका दमात म्हणायला मला सहा वर्षं लागली आणि जमायला लागलं तेव्हा बदली झाली. साहेब नुकतेच दिल्लीहून एक प्रशिक्षण करून आले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रशिक्षणाचं तेज अजून होतं.

"भेलोनकर," साहेब म्हणाले. बंगालीत 'व' नाही, म्हणून सॉल्ट लेकच्या आमच्या ऑफिसात मी कायम भेळ या खाद्यप्रकाराशी जोडलेला होतो. "भेलोनकर, माणूस गेला तरी ज्ञान जाता कामा नये."

"बरोबर आहे, सर."

"तुमच्या डोक्यात जे आहे ते कुठे आहे?"

प्रश्न जरा अवघड होता.

"तुमच्या डोक्यातच आहे!" साहेब विजयाने म्हणाले. "तुमच्या जागी माणूस अजून दिलेला नाही. म्हणून आपण विकी काढणार. तुम्ही काढणार. तुमचं ज्ञान तिथे लिहा, इतरांना त्यांचं लिहायला लावा. प्रत्येक विभागाने स्वतःच्या हाताने एक तरी पान लिहिलं की त्या दिवशी तुम्ही मोकळे."

घरी येऊन मी कालिंदीला विकी म्हणजे काय ते समजावलं. अशी एक वही, जिच्यात कोणीही लिहू शकतं आणि कोणीही लिहिलेलं कोणीही सुधारू शकतं.

"आणि तुमच्या ऑफिसातले लोक त्यात लिहिणार?" तिने विचारलं.

"का नाही लिहिणार?"

ती शेजारी समाद्दारांकडे बादली मागायला गेली.

सुरुवातीचा काळ

निष्पक्षपणे सांगायचं तर हा आमच्या ऑफिसातला पहिला प्रयोग नव्हता. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी एक ब्लॉग काढला होता. त्यावर एकच मजकूर होता, 'सर्वांचं स्वागत असो', आणि त्याखाली एकच प्रतिक्रिया होती. ती केस परत उगवून देणाऱ्या एका परदेशी कंपनीची होती. साहेबांना टक्कल असल्यामुळे ती मुद्दाम कोणीतरी टाकली आहे असा त्यांचा समज झाला आणि ब्लॉग बंद पडला.

विकीसाठी मी इंग्रजीत पानं लिहायला घेतली. तागाच्या गाठी कशा रचाव्यात. चहाच्या पेट्या भिंतीपासून किती लांब ठेवाव्यात. हावड्याच्या गोदामातलं ओल काढायचं यंत्र कसं सुरू करावं. या यंत्राचा स्वभाव असा की आधी पंखा बंद करून, मग बटण दाबून, मग त्याच्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं. पाहत राहिलं की ते बंद पडतं. हेसुद्धा मी प्रामाणिकपणे लिहिलं.

मग सगळ्यांना कळवलं: वाचा, चुका सुधारा, भर घाला.

काही दिवसांनी लेखा विभागाकडून माझ्या टेबलावर एक फाइल आली. आत माझं विकीचं पान छापून लावलेलं होतं, त्यावर लाल शाईने एक स्वल्पविराम घातलेला होता आणि बाजूला शेरा होता: 'मान्य असल्यास कृपया दुरुस्ती व्हावी.' खाली तिघांच्या सह्या.

मी धावत शर्मिष्ठादींकडे गेलो. शर्मिष्ठादी लेखा विभागाच्या प्रमुख. "दीदी, हे तुम्ही स्वतः कॉम्प्युटरवर बदलू शकता. तीच तर गंमत आहे."

"परवानगीशिवाय?"

"परवानगी सगळ्यांना आहे."

"लेखी आहे का?"

मी लेखी परवानगी काढली. तीही फाइलमध्ये लागली. त्यानंतर स्वल्पविराम यायचेही बंद झाले. मध्येच राजभाषा विभागाने आठवण करून दिली की विकीचं पहिलं पान हिंदीतही असणं बंधनकारक आहे आणि त्यावर जे काही लिहिलं जाईल त्याचा अनुवाद मुख्यालयाला दिल्लीला जाईल. मी म्हटलं, आधी काही लिहिलं तर जाऊ द्या.

खरी अडचण वेगळीच होती. ज्ञान भरपूर होतं. सकाळी चहाच्या वेळी मातीच्या भांड्यातून वाफेबरोबर ते बाहेर पडत असे. हावडा गोदामाचे प्रमुख पाकडाशीबाबू आठवड्यातून दोनदा सॉल्ट लेकला येत आणि तागाला आतून लागणाऱ्या ओलीवर असं बोलत की ऐकणाऱ्याला आपणच ताग आहोत असं वाटे.

"पाकडाशीबाबू, हेच लिहा ना विकीवर."

"लिहीन."

"कधी?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "दादा, एक सांगा. सगळं तिथे लिहून टाकलं तर मला विचारायला कोण येणार?"

याचं उत्तर प्रशिक्षणात साहेबांनाही दिलं नसावं.

शेजाऱ्यांचे सल्ले

इकडे फ्लॅट भरत चालला होता. बादलीपाठोपाठ समाद्दारांकडून दोन मोढे, म्हणजे वेताची बसायची स्टुलं, आली, मग टेबल, मग मच्छरदाणी, मग मच्छरदाणी बांधायला पलंग. समाद्दारबाबू शाळेतून निवृत्त झालेले. वस्तू देताना ते प्रत्येक वस्तूबरोबर एक सल्ला फुकट देत.

"तुमची चूक एकच," पलंगाचा एक पाय माझ्या हातात देत ते म्हणाले. "इंग्रजी. इंग्रजीत बंगाली माणूस फक्त अर्ज करतो. बोलतो बंगालीत. त्याला लिहितं करायचं असेल तर बंगालीत लिहा."

हा सल्ला मला एकदम पटला, कारण मला बंगाली येतं. [कालिंदी: संदर्भ हवा.] बसच्या पाट्या वाचून मी लिपी शिकलो होतो. आणि शब्दांचं म्हणाल तर माझा एक सिद्धांत होता: संस्कृतातून आलेले शब्द तेच असतात, नुसते कोपरे घासून गोल करायचे. गंभीर म्हणजे गोभीर. सर्व म्हणजे शॉर्बो. मराठी माणसाला बंगाली शिकायची गरजच नाही, ओठांचा चंबू करायची गरज आहे.

मी लगेच पहिलं बंगाली पान लिहिलं. विषय हलका घेतला. हावड्याच्या गोदामात उंदरांसाठी एक जाडजूड बोका पाळलेला आहे. त्याच्यावर लिहिलं: 'या गोदामात एक बोका आहे. तो दिवसरात्र इथेच असतो. पुष्कळ झोपतो, पण त्याच्यामुळेच गोदाम चालतं. त्याला रोज दूध द्यावं.'

दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला. पानावर दुरुस्ती होती! फाइल नाही, लाल शाई नाही, खुद्द पाकडाशीबाबूंनी स्वतःच्या हाताने केलेली. शेवटच्या ओळीपुढे त्यांनी लिहिलं होतं: 'दूध नोय. चा.'

दूध नाही, चहा. बोका चहा पितो हे मला नवीन होतं. पण विकीचा उपयोग हाच नाही का, की आपल्याला नसलेलं ज्ञान दुसऱ्याकडून मिळतं? मला इतका आनंद झाला की मी त्याच भरात विकीचं पहिलं पान बंगालीत लिहून काढलं. सहा वर्षं ज्यांच्यात काढली त्यांच्याबद्दल मनात होतं ते लिहिलं. ऑफिसबद्दलचा माझा अभिमान, सगळ्यांबद्दलचा आदर.

'एइ आपिसेर प्रोति आमार मोने गोभीर ओभिमान आछे. शोबार जोन्नो आमार आदोर.'

लिहिलं, जतन केलं आणि घरी जाऊन समाद्दारांच्या पलंगावर शांत झोपलो.

प्रतिसाद

सकाळी ऑफिसात शिरलो तर बोलणं थांबलं. लेखा विभागातल्या दोन मुली माझ्याकडे बघून एकदम खाली बघायला लागल्या. शर्मिष्ठादींनी स्वतः उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बरे आहात ना, भेलोनकरदा?"

"एकदम बरा. का?"

"काही झालंय का?"

"काही नाही झालं."

हे ऐकून त्यांचा चेहरा आणखी पडला. दुपारी माझ्या टेबलावर संदेश या बंगाली मिठाईचा पुडा आला. कोणी ठेवला ते कळेना. संध्याकाळपर्यंत आणखी एक आला. साहेबांनी बोलावलं, बसवलं, पाणी दिलं, आणि "भेलोनकर, ऑफिस म्हणजे एक कुटुंब असतं" एवढं म्हणून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

आणि विकी! मी उघडलं तर पहिल्या पानाचं चर्चेचं पान वाहत होतं. ज्यांनी जन्मात कधी अर्ध्या ओळीच्या वर लिहिलं नव्हतं ते परिच्छेदच्या परिच्छेद लिहीत होते. सगळं मला नीट कळत नव्हतं, पण माझं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. कोणी सहलीचा विषय काढला होता, कोणी गणपतीच्या सुट्टीचा. नुसतं तेवढंच नाही. लोक पानंही लिहू लागले होते. पाकडाशीबाबूंनी तागाच्या ओलीवर लिहायला घेतलं होतं आणि ते अजून ओलीच्या बालपणापर्यंतच आले होते.

मी घरी जाऊन कालिंदीला सांगितलं, "बघ. अभिमान व्यक्त केला की माणसं अशी जोडली जातात. आठवड्याभरात पुणे."

[कालिंदी: हे वाक्य यांनी मोढ्यावर उभं राहून म्हटलं.]

चेष्टा

या विभागाच्या निष्पक्षतेबद्दल वाद आहे.

तिसऱ्या दिवशी चर्चेच्या पानावर साहेबांनी स्वतः एक ठळक सूचना लावली. ती मात्र मला शब्द न् शब्द कळली:

'भेलोनकरबाबूर ओभिमान भांगानोर चेष्टा चोलछे. शोबाई चेष्टा कोरुन.'

मी ती दोनदा वाचली. वेलणकरबाबूंचा अभिमान भंगवण्यासाठी चेष्टा चालू आहे. सगळ्यांनी चेष्टा करावी.

ते पुडे मग मला वेगळेच दिसायला लागले. ती ओढलेली खुर्ची, ते दिलेलं पाणी. त्या मुली खाली का बघत होत्या तेही कळलं, हसू लपवायला. चेष्टा असते, मी समजू शकतो. आमच्याकडेही करतात. पण सरकारी कार्यालयात, प्रमुखांच्या सहीने, सर्वांना आवाहन करून? आणि कशाची, तर माणसाने मनापासून बाळगलेल्या अभिमानाची?

मी कोणाशी बोललो नाही. कोणी विचारलं तर "काही नाही" म्हटलं. घरी आलो. कालिंदीने आमटी-भात वाढला होता, मी "भूक नाही" म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलो.

"काय झालं?"

"काही नाही."

"अहो, सांगा तरी."

"तुला काय करायचंय?"

थोड्या वेळाने दार वाजल्याचं ऐकू आलं. कालिंदी समाद्दारांकडे गेली होती. परत आली ती समाद्दारकाकूंना घेऊन, मागे समाद्दारबाबू. मी फोनवरचं विकी उघडून ती सूचना त्यांच्यापुढे धरली. काकूंनी चष्मा लावून वाचलं.

"मग? चेष्टा करताहेत बिचारे."

"तुम्हीसुद्धा!" मी उठून बसलो.

"चेष्टा म्हणजे प्रयत्न हो," काकू म्हणाल्या. "तुमचा ओभिमान घालवायचा प्रयत्न. तुम्ही एवढं मोठं लिहून ठेवलंत की ऑफिसवर तुमचा गोभीर ओभिमान आहे, मग काय करतील?"

"पण अभिमान घालवायचा कशाला? अभिमान चांगला असतो!"

काकू कालिंदीकडे बघायला लागल्या. कालिंदीला बाजारात, बसमध्ये, जिन्यात बोलून बोलून खरं बंगाली येतं. तिच्या चेहऱ्यावर सावकाश एक प्रकाश पसरत गेला. तो मला आवडला नाही.

"अहो," ती म्हणाली, "ओभिमान म्हणजे यांच्यात रुसवा."

"काय?"

"रुसवा. आपल्या माणसाने दुखावलं की जो धरतात तो. तुम्ही ऑफिसच्या पहिल्या पानावर लिहिलंत की मी भयंकर रुसलोय."

समाद्दारबाबूंनी मास्तरकीच्या सवयीने फोन हातात घेतला आणि माझी इतर पानंही तपासायला सुरुवात केली.

"'शोबार जोन्नो आदोर.' सगळ्यांना आदोर." त्यांनी घसा साफ केला. "आदोर म्हणजे, लहान मुलाला जवळ घेऊन करतात ते. लाड. कुरवाळणं."

"सगळ्यांना?" कालिंदीने विचारलं. "लेखा विभागालाही?" [कालिंदी: विचारायलाच हवं होतं.]

"आणि हे काय? 'या गोदामात एक बोका आहे.'" समाद्दारबाबू थांबले. "हा कोण?"

"मांजर. बोका. पाकडाशीबाबूंच्या गोदामातला."

"नर मांजराला आम्ही हुलो म्हणतो. बोका म्हणजे मूर्ख."

मी मनातल्या मनात ते पान वाचलं. तो दिवसरात्र इथेच असतो. पुष्कळ झोपतो, पण त्याच्यामुळेच गोदाम चालतं. दूध नोय. चा.

कालिंदी हसता हसता समाद्दारांच्या पलंगावर बसली आणि पलंग वाजला. काकूंनी मात्र माझ्या पाठीवर हात ठेवला. "आणि आत्ता जेवत नव्हतात, भिंतीकडे तोंड करून पडला होतात ना? तो हो ओभिमान. अगदी बरोबर केलात."

खंडन

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचताच शर्मिष्ठादींना गाठलं. "दीदी, माझा काही ओभिमान नाही. चूक झाली. मराठीत त्याचा अर्थ वेगळा आहे."

त्यांनी मान हलवली. "असंच म्हणतात."

"नाही, खरंच नाही."

"ज्याला ओभिमान असतो तो कधी 'आहे' म्हणतो का, दादा? माझ्या नवऱ्याला विचारा."

तर्क अभेद्य होता. मी जितकं नाकारत गेलो तितका माझा रुसवा खोल असल्याचं सिद्ध होत गेलं. मी आवाज चढवला तेव्हा संदेशचा तिसरा पुडा आला. पहिल्या पानावरचं वाक्य मी पुसलं, तर चर्चेत कोणीतरी लिहिलं: 'आता तर त्यांनी बोलणंच सोडलं.' त्याखाली शर्मिष्ठादींची नोंद होती: 'ओभिमान काढलात ते ठीक. आदोर राहू द्यायचा होता.'

मग दिल्ली जागी झाली. राजभाषा विभागाने साहेबांच्या सूचनेचा नियमाप्रमाणे हिंदी अनुवाद पाठवला होता, आणि हिंदीत अभिमान म्हणजे गर्व. मुख्यालयाने विचारणा केली होती की सदर अधिकाऱ्याचा अभिमान तोडण्याच्या कामी कितपत प्रगती झाली आहे, आणि त्याला या अभिमानासह पुण्याला पाठवणं योग्य होईल का.

मी साहेबांपुढे उभा राहिलो. "सर, विकी भरलं. प्रत्येक विभागाने पान लिहिलं. आपलं ठरलं होतं."

"विकी भरलं," साहेब म्हणाले. "पण भेलोनकर, ओभिमान मनात घेऊन माणूस जातो, तर तो मागे राहणाऱ्यांना लागतो. असं मी तुम्हाला सोडू शकत नाही. आणि आता दिल्लीलाही कळवायचंय."

म्हणजे विकी रिकामं म्हणून अडकलो होतो, आता भरलं म्हणून अडकलो. तिकडे ट्रक पुण्याला पोचला होता आणि नूपुर सामानाच्या खोक्यांवर बसून फोन करत होती: "बाबा, मी तुमच्या बादलीचा फोटो पाठवते, बघून आंघोळ करा."

समाद्दारबाबूंचा सल्ला होता की ओभिमान इतक्यात सोडू नये. "नोलेन गुडाचे, खजुराच्या ताज्या गुळाचे, दिवस जवळ आलेत. त्याचे संदेश येईपर्यंत तरी टिकवा." काकूंनी त्यांना गप्प केलं. "रुसवा नाकारून जात नाही. 'हो, रुसलो होतो' म्हणायचं. कशावरून ते सांगायचं. मग ते समजूत घालतील, तुम्ही घालून घ्यायची."

"पण मी रुसलेलोच नाही."

"मग एखादं कारण शोधा," कालिंदी म्हणाली. "तुमच्या काकांना आपल्या लग्नात शोधावं लागलं होतं का? पाट तिरका मांडला म्हणून तीन तास रुसून बसले होते."

आम्ही दोघांनी मिळून कारण ठरवलं: खिडकीजवळची जागा. सहा वर्षं मागितली, मिळाली नाही. छोटं, विश्वसनीय, कोणाला न लागणारं.

बैठक

साहेबांच्या खोलीत सगळे जमले. पाकडाशीबाबू हावड्याहून खास आले होते. मी उभा राहिलो.

"हो," मी म्हणालो. "माझा ओभिमान होता."

खोलीत एक निःश्वास फिरला. शर्मिष्ठादींनी 'बघा, म्हटलं नव्हतं' अशा नजरेने सगळ्यांकडे पाहिलं.

"कशाचा?" साहेबांनी मऊपणे विचारलं.

"खिडकीचा," मी म्हणालो. "सहा वर्षं मी खिडकीजवळची जागा मागत होतो. ती..." इथे थांबायचं ठरलं होतं. पण सगळे इतक्या मन लावून ऐकत होते की मी पुढे बोलत गेलो. "ती जाऊ द्या. ऑर्डर आली त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलंत. मिठाई मागितलीत. साहेबांनी विकी काढायला सांगितलं. पण 'जाऊ नका' असं एकजणही म्हणाला नाही. म्हणजे थांबलो नसतोच मी. पण म्हणायला काय हरकत होती?"

हे माझ्या तोंडून आलेलं ऐकून मला स्वतःलाच नवल वाटलं. हे आम्ही ठरवलं नव्हतं.

पाकडाशीबाबू म्हणाले, "म्हणजे खिडकी नव्हे?"

"नव्हे."

"दादा," ते म्हणाले, "ऑर्डर हातात धरून तुम्ही नाचत आलात. सामान तर दुसऱ्या दिवशी पाठवलंत. थोडा ओभिमान आमचाही झाला. मग साहेब म्हणाले, प्रत्येकाने पान लिहिलं की भेलोनकर मोकळे." त्यांनी हात पसरले. "आता सांगा, लिहायचं कोणी?"

मी शर्मिष्ठादींकडे पाहिलं. त्या टेबलावरचं पेपरवेट इकडचं तिकडे सरकवत होत्या.

"थोडा आळसही होता," त्या म्हणाल्या.

"आणि त्या बोक्याचं काय?" मी पाकडाशीबाबूंना हळूच विचारलं. "मला मांजर म्हणायचं होतं हो."

"ते मला तेव्हाच कळलं. हावड्यात दुसरं दूध पिणारं कोण आहे?" ते म्हणाले. "पण पान छान होतं. राहू द्या."

साहेबांनी तिथल्या तिथे माझ्या कागदावर सही केली आणि दिल्लीला कळवलं की सदर अधिकाऱ्याचा अभिमान सर्वांच्या सहकार्याने यशस्वीरीत्या तोडण्यात आला आहे. माझ्या सेवापुस्तकात ते पत्र आजही आहे.

निघताना दारात मी वळलो. बंगालीत आता तोंड उघडायची मला भीती वाटत होती. प्रत्येक शब्दाच्या आड काहीतरी बसलेलं असायचं. शेवटी आमच्या घरात दारातून निघताना जे म्हणतात तेच म्हणालो. 'जातो' म्हणायचं नसतं, म्हणून म्हणतात ते.

"येतो," मी मराठीतच म्हणालो, आणि मग भीत भीत, "आशि."

कोणी हसलं नाही, कोणी संदेश आणला नाही. "आशुन," सगळे म्हणाले. या. एवढा एक शब्द दोन्हीकडे तोच निघाला.

सद्यस्थिती

आम्ही पुण्यात आहोत. बादली सापडली. समाद्दारांचा एक मोढा चुकून आमच्याबरोबर आला आहे आणि काकू तो परत घ्यायला तयार नाहीत.

विकी चालू आहे. ते सांभाळणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढायला लेखी आदेश लागतो, आणि त्याची फाइल शर्मिष्ठादींच्या टेबलावर आहे. त्या आठवण करून देतात की ती विचाराधीन आहे.

अधूनमधून चर्चेच्या पानावर पाकडाशीबाबू लिहितात: 'भेलोनकरदा, हावड्याचं ओलीचं यंत्र बंद पडलंय. काय करावं?'

ते विकीवर लिहिलेलं आहे. पंखा बंद, बटण, पाठ. त्यांना ते माहीत आहे, कारण त्याच पानावर मागच्या महिन्यात त्यांनी स्वतः दोन दुरुस्त्या केल्या आहेत.

मी सविस्तर उत्तर लिहितो.

[कालिंदी: ऑफिसला उशीर झाला तरी लिहितात. आणि चार दिवस प्रश्न आला नाही तर जेवताना भिंतीकडे बघतात. विचारलं तर म्हणतात, काही नाही.]